कमानीखालून जाताना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची कमान जवळ आली की आता आधी फोन बोलतो. मग पुढच्या गाडीचे मागचे दिवे लाल होतात, तिच्या पुढच्या गाडीचेही होतात, आणि बघता बघता तिन्ही लेनमध्ये ब्रेक लागतात. कमानीखालून सगळे एका चालीने जातात. ती मागे पडली की उजव्या लेनमधली मोठी गाडी पुन्हा उसळते, मागून कोणी डिपर मारायला लागतो, आणि पुढच्या कमानीपर्यंत रस्ता पूर्वीसारखाच होतो.

मी तळेगावला राहते. या रस्त्याशी माझा संबंध रोजचा नसला तरी घरचा आहे. 2024 च्या जुलैपासून इथे कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा सुरू झाली. वेग, लेन तोडणं, सीटबेल्ट नसणं, गाडी चालवताना फोन कानाला असणं असे सतरा प्रकारचे नियमभंग ती टिपते. गाडीचा नंबर वाचला जातो, फोटो निघतो आणि मालकाच्या मोबाइलवर चलन येतं. तेव्हापासून आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात, पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ही सरळसरळ वसुली आहे, सरकारला पैसा हवाय. दुसरा म्हणतो, बरं झालं, माज उतरला लोकांचा. मी कॅमेऱ्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण वसुली म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांच्या रागात एक खरी गोष्ट आहे, आणि ती आपण नीट ऐकलेली नाही.

आधी कॅमेरा का हवा, ते.

हा रस्ता साधारण 95 किलोमीटरचा. 2002 मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता. पण त्याची आठवण काढली की माणसंच डोळ्यांपुढे येतात. भक्ती बर्वे-इनामदार रस्ता पुरा होण्याआधीच, 2001 च्या फेब्रुवारीत, इथल्या अपघातात गेल्या. 2012 च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, आणि अक्षयचा लहानगा मुलगाही. 14 ऑगस्ट 2022 च्या पहाटे विनायक मेटे बैठकीसाठी मुंबईला निघाले होते, ते पोचलेच नाहीत. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ती पेपरच्या पहिल्या पानावर आली. 2016 या एका वर्षात या रस्त्यावर 151 माणसं मेली. त्यातली बाकीची आतल्या पानावर, चार ओळींत. त्या वर्षी रस्तेसुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून या मार्गावर मृत्यू शून्यावर आणायचं काम हाती घेतलं. कठडे दुरुस्त झाले, कडेला थांबलेली वाहनं हलवली गेली, रुग्णवाहिका लवकर पोचाव्यात अशी सोय झाली, स्पीडगन घेऊन पोलीस उभे राहिले. पुढे आकडा शंभराच्या खाली आला. म्हणजे नशिबाचा भाग म्हणून जे आपण सोडून देतो, त्यातलं पुष्कळसं माणसाच्या हातात असतं.

माझे मामा एसटीत चालक होते. खंबाटकी, कात्रज, बोरघाट, सगळे घाट त्यांनी रात्री-अपरात्री केले. लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून पाहिलंय, घाटमाथ्यावर आलं की ते क्षणभर थांबल्यासारखी गाडी सावकाश करत, गिअर खाली घेत आणि मगच उताराला लागत. इंजिन घुमायला लागे, गाडी जणू स्वतःलाच मागे ओढत उतरे. "ज्या गिअरात घाट चढलीस, त्याच गिअरात उतरायचा," ते म्हणत. मी स्वतः गाडी शिकले तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं. बोरघाटात भरलेले ट्रक सुटतात त्याचं मोठं कारण हेच आहे. डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रलला टाकून उतारावर सोडायची आणि सगळा भार ब्रेकवर घ्यायचा. पाच-सात किलोमीटरमध्ये ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात, आणि खोपोलीच्या अलीकडे समोर थांबलेल्या गाड्यांची रांग दिसते तेव्हा पायाखाली काहीच उरलेलं नसतं. पेपरात येतं, "ब्रेक निकामी झाल्याने". मामांना ती ओळ वाचून फार राग येई. "निकामी झाला नाही, केला," म्हणत. घाटात वेगाची मर्यादा कमी का असते याचं याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. उतारावर चाळीसचे साठ होतात ते चालकाने ठरवून केलेले असतीलच असं नाही. पण साठचे पुन्हा चाळीस करणं त्याच्या हातात राहत नाही.

सपाटीवरचं गणित आणखी सोपं आहे. घाट वगळला तर उरतो ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता. शंभरने गेलं तर 48 मिनिटं, एकशेवीसने गेलं तर 40. आठ मिनिटांचा फरक, आणि तोही रस्ता मोकळा मिळाला तर. वाकडच्या चौकात किंवा वाशीच्या पुलाअलीकडे ही आठ मिनिटं कधी गेली ते कळतही नाही. उलट बाजूला, धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरचे एकशेवीस झाले की तो दीडपटीच्या जवळ जातो, 44 टक्क्यांनी जास्त. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं, आणि गाडी थांबायला तर तिथून पुढे सुरुवात होते.

देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिलेलं आहे. पोलिसांच्या नोंदीत तो रकाना फार सहज भरला जातो, रस्त्याचं चुकीचं वळण किंवा अंधार त्यामागे लपून जातो, असा एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. तरीही त्यातला निम्मा आकडा खरा धरला, तरी तो फार मोठा होतो. कॅमेऱ्यांचा उपयोग होतो का, हेही तपासून झालेलं आहे. कॉक्रेन या संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 2010 मध्ये निरनिराळ्या देशांतले 35 अभ्यास एकत्र पाहिले. कॅमेऱ्यांच्या परिसरात जीव जाणारे किंवा गंभीर इजा होणारे अपघात 11 ते 44 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. अभ्यास सगळे सारख्या दर्जाचे नव्हते, हे त्यांनीच लिहिलंय. पण कल सगळीकडे एकाच बाजूला होता.

इतकं सगळं असूनही मला कॅमेरा पटतो तो या आकड्यांमुळे नाही. त्याला कोणी ओळखीचं नाही, म्हणून पटतो.

पूर्वी टोलनाक्याच्या पुढे पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगत, ते दृश्य आठवून पाहा. मोटारसायकलवाला किंवा टेम्पोवाला खाली उतरून कागद काढू लागतो. शेजारी थांबलेल्या चकचकीत गाडीची काच मात्र अर्धीच खाली येते, आतून एक फोन बाहेर येतो आणि आवाज येतो, "जरा बोला साहेबांशी." हवालदार फोन कानाला लावतो, दोनदा "हो सर" म्हणतो, फोन परत देतो आणि गाडी जाते. टेम्पोवाला हे सगळं बघत उभा असतो. गावाचं नाव, आडनाव, गाडीवरचं स्टिकर, पक्षाचा झेंडा, "प्रेस", "पोलीस", काचेला लावलेला पास, यावर आपल्याकडे नियम किती लागायचा ते ठरत आलंय. आणि त्या हवालदाराचाही विचार करावा. भर उन्हात धूर खात उभं राहायचं, वरून फोन येणार हे माहीत असताना गाडी अडवायची, आणि नाही अडवली तर सामान्य माणसाच्या शिव्या खायच्या. कॅमेऱ्याने त्याला या पेचातून सोडवलं. कमानीवरच्या कॅमेऱ्याला फोन लावता येत नाही. आमदाराची गाडी असो की आयशर, नंबर प्लेट तेवढी वाचली जाते. आपल्या समाजात ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कॅमेऱ्याविरुद्धच्या आवाजातला थोडा आवाज तरी ही सोय गेल्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

थोडाच. सगळा नाही. हे मला कळलं ते द्राक्षांच्या हंगामात, कामशेतजवळ जुन्या हायवेवर एका चहाच्या टपरीवर. तासगावकडचा एक टेम्पोचालक होता, गाडीत द्राक्षांच्या पेट्या, वर ताडपत्री घट्ट आवळलेली. चहा पिताना विषय निघाला आणि त्याने मोबाइल पुढे केला. "बघा ताई." स्क्रीनवर त्याच्या टेम्पोचं तोंड, नंबर प्लेट, खाली वेळ, ठिकाण, आणि वेग 47. मर्यादा 40. स्क्रीन वर सरकवत गेला तशी एकाखाली एक चलनं येत गेली. कारला वेगाचा दंड दोन हजार, मोठ्या वाहनाला चार हजार.

"खोटं आहे का?" मी विचारलं.

"खोटं कशाला म्हणू? सत्तेचाळीस असंल. पण ताई, मालक म्हणतो गाडी तू चालवतो, दंड तू भर. व्यापारी म्हणतो, पहाटेच्या आत गाडी लागली पाहिजे, उशीर झाला की भाव पडला. भाव पडला की बागाईतदार माझ्यावर चिडतो. मग मी कुणाला सांगू?"

चलन मालकाच्या नावावर येतं. मालक ते पगारातून कापतो. निघायची वेळ आणि पोचायची वेळ दुसराच कोणी ठरवतो. कॅमेऱ्यापुढे येतो तो फक्त या माणसाचा पाय. तो कॅमेऱ्याला दोष देत नव्हता, हे मला विशेष वाटलं. त्याला एवढंच हवं होतं की कोणी तरी एकदा त्याचं ऐकून घ्यावं. 2025 च्या जुलैत राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनांच्या विरोधात संप केला, तेव्हा टीव्हीवर "बेशिस्त ट्रकवाले दंड बुडवायला निघाले" असाच सूर होता. मला तेव्हा तो ताडपत्रीवाला टेम्पो आठवत होता.

तर माझं म्हणणं असं. बघायचं काम यंत्राने करावं, सगळ्यांकडे एकाच नजरेने. पण ऐकायला माणूस लागतो, आणि तो माणूस आपण नेमलेला नाही. पूर्वी रस्त्यावर वशिला चालायचा, त्याचबरोबर खरं गाऱ्हाणंही तिथेच सांगता यायचं. "साहेब, आत पेशंट आहे," म्हटलं तर हवालदार आत डोकावून बघायचा. कॅमेऱ्याने वशिला बंद केला आणि गाऱ्हाण्याची जागाही त्यासोबत गेली. आज तक्रार करायला ॲप आहे, नाहीतर लोकअदालत. लोकअदालतीत लोक रांगा लावतात ते दंड कमी करून मिळावा म्हणून. चूक झाली होती की नाही, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. दंड माफ करणं हा काही न्याय नव्हे. ज्याची चूक नव्हती त्याचे अर्धे पैसे गेले आणि ज्याची होती त्याचे अर्धे वाचले, एवढंच होतं.

कायद्याने बराच विचार केलेला आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 136अ आलं, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याचे नियम निघाले. कॅमेऱ्याला दरवर्षी प्रमाणपत्र हवं. पुढे कॅमेरा आहे असा फलक रस्त्यावर स्पष्ट दिसेल असा हवा. नोटीस पंधरा दिवसांत पोचली पाहिजे. 2024 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने या कलमाच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना निर्देश दिले. ते प्रकरण कोइम्बतूरच्या एका शल्यचिकित्सकाच्या याचिकेतून उभं राहिलं आहे. ज्याच्या टेबलावर ही मोडलेली शरीरं येतात, तोच कोर्टात गेला. कागद चांगला आहे. आता प्रत्येक कमानीच्या खांबावर त्या यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख मोठ्या अक्षरांत लावा, पेट्रोल पंपावर माप तपासल्याचा कागद लावतात तशी. लोकांचा निम्मा संशय तिथेच मिटेल.

दुसरं, मर्यादेचा आकडा. सपाटीवर कारला 100, घाटात 60. अवजड वाहनांना सपाटीवर 80 आणि, कॅमेरे सुरू झाले तेव्हा, घाटात 40. हे आकडे माझ्या मते बरोबर आहेत. मामांनी तर चाळीसही जास्त म्हटले असते. पण शंभरने चाललेल्या माणसाला साठचा फलक दिसणं आणि साठवर येणं यांत अंतर लागतं. मधे ऐंशीचा टप्पा ठळक दाखवला नाही, तर माणूस जोरात ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर येतो. मर्यादा अशी असावी की रस्ता पाहूनच ती पटावी. जिथे ती पटण्यासारखी नाही, तिथे ती का आहे ते सांगणारं काहीतरी तिथेच लिहिलेलं असावं.

फ्रान्समध्ये हे दोन्ही अंगांनी दिसलं. तिथे 2003 च्या अखेरीस रस्त्यांवर स्वयंचलित रडार बसवायला सुरुवात झाली. 2002 मध्ये तिथे सात हजारांहून अधिक माणसं रस्त्यांवर मरत होती, ती 2006 मध्ये पाच हजारांच्या आत आली. मद्यपानाविरुद्धची मोहीम वगैरे इतरही गोष्टी त्यात होत्या, पण रडारचा वाटा मोठा मानला जातो. आणि त्याच देशात, 2018 च्या जुलैत ग्रामीण दुपदरी रस्त्यांची मर्यादा 90 वरून 80 वर आणली, त्यानंतर काही महिन्यांत पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. इंधनकराचा राग होताच, पण लोकांनी रागाने रडार फोडले, काळे फासले, जाळले. 2019 च्या जानेवारीत तिथल्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की जवळपास 60 टक्के रडार निकामी झाले आहेत. पंधरा वर्षं ज्या यंत्राने जीव वाचवले त्याच्यावर लोक उलटले. ज्यांना कामाला जायलाच रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकावी लागते, जिथे बस नाही, रेल्वे नाही, त्यांना वाटलं की राजधानीत बसून कोणीतरी आपल्यावर हे लादलंय. पुढे सरकारने जिल्ह्यांना पुन्हा 90 करायची मुभा दिली. माझ्या मते 80 योग्यच होतं. पण ते गावोगाव जाऊन पटवायला हवं होतं, आणि तसं झालं नाही.

आपल्याकडे वसुलीचा संशय आहे तो पैशांचा हिशेब दिसत नाही म्हणून. द्रुतगती मार्गावरच्या चलनांची रक्कम शेकडो कोटींत गेली, वसूल झाली त्याचा लहानसा भाग. ज्यांनी भरले त्यांना वाटतं आपणच मूर्ख ठरलो, ज्यांनी नाही भरले ते पुढच्या लोकअदालतीची वाट पाहतात. ब्रिटनमध्ये 2000 च्या सुमारास दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची पद्धत आली. कॅमेरे पैशासाठीच लावतात असा ओरडा झाला आणि 2007 मध्ये ती थेट जोडणी तोडली गेली. आपणही एवढं करावं. यंत्रणा चालवणाऱ्या कुणाचंही उत्पन्न चलनांच्या संख्येवर ठरू नये. आणि त्या रस्त्यावर जमलेला दंड त्याच रस्त्यावर लागलेला दिसावा: घाटात सुटलेली गाडी वळवता येईल असा चढाचा रस्ता, ट्रकवाल्यांना रात्री निर्धास्त झोपता येईल अशी जागा, उताराला लागण्याआधी ब्रेक थंड करायला थांबता येईल असं मैदान. तासगावच्या त्या माणसाला चार हजारांच्या बदल्यात असं एखादं ठिकाण मिळालं असतं, तर त्याने चलन वेगळ्या मनाने भरलं असतं.

कमानीखाली ब्रेक आणि पुढे सुसाट, यावरही उपाय आहे. दोन कमानींमधलं अंतर ठरलेलं असतं. पहिलीखालून कधी गेला आणि दुसरीखालून कधी, यावरून सरासरी वेग निघतो, आणि तिथे क्षणापुरतं शहाणं होऊन भागत नाही. स्कॉटलंडच्या ए-9 रस्त्यावर 2014 पासून ही पद्धत लांबलचक पट्ट्यावर आहे. यात न्यायही जास्त आहे. ओव्हरटेक करताना कुणी चार सेकंद वर गेला, तर तो अडकत नाही. तासभर दामटणारा अडकतो. दंडाचा मुख्य आधार सरासरी वेग हाच असावा, असं मला वाटतं. वेग मोजायच्या या यंत्राची सुरुवात, जाता जाता सांगते, एका शर्यतवाल्याने केली. मॉस गॅट्सोनिडस हा डच चालक, 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे त्याला स्वतःला तपासायचं होतं, म्हणून त्याने उपकरण बनवलं. वेगावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसालाही तो मोजून घ्यावासा वाटला, हे मला फार आवडतं.

आता माझी नजर मुंबई-गोवा महामार्गाकडे आहे. 2011 पासून त्याचं चौपदरीकरण चालू आहे. कोकणाने त्या खड्ड्यांत किती सहन केलं ते नव्याने सांगायला नको. हा रस्ता पूर्ण गुळगुळीत होईल तेव्हा गाड्या आजच्या दुप्पट वेगाने पळतील. पण तो द्रुतगती मार्गासारखा कुंपण घातलेला, गावाबाहेरचा रस्ता नाही. तो वस्त्यांच्या कडेने जातो, शाळेची पोरं त्याच्या काठाने चालत जातात, म्हातारी माणसं एसटीतून उतरून पलीकडच्या वाडीत जायला तो ओलांडतात. कॅमेरे तिथेही येतील आणि यायलाच हवेत. मात्र त्याआधी महामार्गाचे अभियंते, आरटीओ आणि पोलीस यांनी त्या त्या ग्रामपंचायतीत बसावं, पोरं कुठून रस्ता ओलांडतात ते सरपंचांसोबत चालत जाऊन पाहावं, आणि प्रत्येक वस्तीपाशी वेग किती हवा ते तिथे ठरवावं. गावाने मागितलेला कॅमेरा कोणी फोडायला जाणार नाही. आणि प्रत्येक तालुक्याला एक अधिकारी असा नेमावा, ज्याच्यासमोर चालक फोटो घेऊन उभा राहू शकेल, स्वतःच्या भाषेत म्हणणं मांडेल आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर घेऊन जाईल. नोटीस पाठवायला पंधरा दिवस पुरत असतील, तर उत्तर द्यायलाही तेवढे पुरावेत.